तंगूस, फ्लोरोकार्बन आणि ब्रेडेड दोर: गळाची गाठ कशी निवडावी आणि कशी आवळावी

मासा निसटून गेल्यावर हातात परत आलेल्या दोराचे टोक नीट निरखून पाहण्याची सवय फार थोड्यांना असते, आणि गाठींविषयी शिकण्यासारखे जे आहे त्यातले बरेचसे त्या टोकावरच दिसते. टोक तुटके, दातेरी असेल आणि त्याआधीचा हातभर दोर बोटांना खरखरीत लागत असेल, तर दोर खडकाला किंवा माशाच्या दातांना घासला आहे. टोक गाठीच्या तोंडाशीच तुटलेले असेल, तर गाठ आवळताना दोर दुखावला गेला असावा. पण टोक अखंड असेल आणि त्यावर वेढ्यांचे बारीक वळसे शिल्लक असतील, तर दोर तुटलेलाच नाही. गाठ घसरून सुटली आहे, आणि तो दोष पूर्णपणे गाठ मारणाऱ्याचा आहे.

मला हा धडा मिळाला तो रिळावर पहिल्यांदा ब्रेडेड, म्हणजे अनेक तंतू विणून केलेला, दोर भरला तेव्हा. वर्षानुवर्षे तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या एकपदरी दोराला, मारत आलेली क्लिंच गाठच मी त्यालाही मारली, कारण त्या गाठीने तोवर एकदाही दगा दिला नव्हता. दिवस मावळताना मोठा मासा लागला, त्याने दोन लांब धावा घेतल्या आणि तिसऱ्या हिसक्याला काठी एकाएकी सरळ झाली. टॉर्चच्या उजेडात टोक पाहिले तर कात्रीने कापल्याची सपाट खूण जशीच्या तशी होती आणि तिच्यामागे पाच वेढ्यांच्या पुसट लाटा उमटलेल्या होत्या. गळ तोंडात घेऊन गेलेल्या त्या माशाची रुखरुख आजही आहे. तेव्हापासून एक गोष्ट मनाशी पक्की झाली: अमुक गाठ चांगली आणि तमुक वाईट असे नसते, ती आपल्या हातातल्या दोराच्या जातीला लागू पडते की नाही एवढेच पाहायचे असते, आणि गाठ कोणतीही निवडली तरी ती कशी आवळली यावरच तिचा भरवसा ठरतो.

गाठ धरते कशी आणि तुटते का

गाठ टिकते ती घर्षणावर. दोराचे वेढे एकमेकांवर दाब देतात, त्या दाबामुळे घर्षण निर्माण होते, आणि ओढ जितकी वाढते तितका दाबही वाढत जातो. चांगल्या गाठीत ही ओढ अनेक वेढ्यांमध्ये वाटली जाते. वाईट गाठीत मात्र ती एकाच वळणावर एकवटते, तिथे दोर अरुंद कोनात मुडपतो, वळणाच्या बाहेरच्या बाजूवर जादा ताण येतो आणि शेजारचा वेढा आत काचत जातो. दोराच्या मध्येच चुकून पडलेली साधी गाठ इतकी घातक असते ती याच कारणाने. तंगुसात अशी एक साधी गाठ पडली तरी त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. गळ फेकताना वाऱ्यामुळे दोरात अशी गाठ पडलेली दिसली, तर नखाने उकलत बसण्याऐवजी तेवढा भाग कापून टाकणेच योग्य.

दुसरा शत्रू उष्णतेचा. कोरडी गाठ झटक्यात आवळली की दोरावर दोर घासून तेवढ्यापुरता पृष्ठभाग तापतो आणि प्लास्टिकचा दोर त्या जागी मऊ पडून दुबळा होतो. गाठ आवळून झाल्यावर तिच्या लगतचा इंचभर दोर कुरळा झालेला, सुरकुतलेला किंवा पांढुरका पडलेला दिसला, तर तो चटका बसल्याची ती खूण समजावी आणि गाठ कितीही घट्ट वाटत असली तरी कापून पुन्हा मारावी. यावर उपाय अगदी सोपा आहे: आवळण्यापूर्वी गाठ ओली करावी. पाण्यामुळे घर्षणाची धग कमी होते आणि वेढे एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी बसतात. पुष्कळजण त्यासाठी गाठ तोंडात धरतात. गढूळ किंवा साचलेल्या पाण्यातून आलेला दोर तोंडाला लावण्यापेक्षा ती स्वच्छ पाण्यात बुडवून घेणे बरे. ओली केल्यावरही ओढ सावकाश आणि एकसारखी असावी, हिसका देऊन गाठ कधीही आवळू नये.

तीन दोर, तीन स्वभाव

नायलॉन १९३८ साली जगापुढे आले आणि पुढच्याच वर्षी त्याचा एकपदरी दोर मासेमारीसाठी विकला जाऊ लागला. यालाच आपण तंगूस म्हणतो. तो तुटण्याआधी बराच लांबतो, म्हणून माशाचा हिसका गाठीवर थेट बसत नाही, दोर स्वतः तो पिऊन टाकतो. तो काहीसा मऊ असल्यामुळे वेढे एकमेकांत नीट रुततात आणि जवळजवळ कोणतीही प्रचलित गाठ त्याला चालते. गाठ शिकायला सुरुवात करणाऱ्याने तंगुसापासूनच करावी. मात्र नायलॉन पाणी शोषते आणि भिजल्यावर त्याची ताकद थोडी उतरते, म्हणून त्याची परीक्षा नेहमी ओल्या दोरावर घ्यावी. उन्हानेही तो हळूहळू ठिसूळ होतो.

फ्लोरोकार्बन दिसायला तंगुसासारखाच असतो, त्यामुळे गाठींच्या बाबतीत अनेकांची फसगत होते. त्याची घनता नायलॉनच्या दीडपटीहून अधिक आहे, म्हणून तो पाण्यात लवकर बुडतो. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४२ आहे, पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा १.५ च्या वर. म्हणजे पाण्यात तो नायलॉनपेक्षा कमी उठून दिसतो, आणि गळाजवळच्या शेवटच्या तुकड्यासाठी, म्हणजे लीडरसाठी, त्याला पसंती मिळते ती बरीचशी यामुळेच. पण तो कडक असतो. त्याचे वेढे एकमेकांत सहजी रुतत नाहीत, वेढा वेढ्यावर आडवा गेला तर काचतो, आणि कोरडा आवळल्याची शिक्षा तो तंगुसापेक्षा कितीतरी लवकर देतो. जाड फ्लोरोकार्बनला जास्त वेढ्यांची गाठ मारण्याचा अट्टहास करू नये, कारण ते सगळे वेढे बोटांच्या जोराने बसतच नाहीत. कमी वेढे आणि पूर्ण आवळलेली गाठ हेच तिथे खरे.

ब्रेडेड दोर म्हणजे अतिशय लांब रेणूंच्या पॉलिएथिलीनचे तंतू चार, आठ किंवा अधिक पदरांत विणून केलेला दोर. तो पाण्याहून किंचित हलका असल्यामुळे तरंगतो, जवळजवळ ताणत नाही, आणि तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा खूपच बारीक असतो. हे गुण वाखाणण्यासारखे असले तरी गाठीच्या दृष्टीने तिन्हींत अडचणीचा दोर हाच, कारण त्याचे तंतू कमालीचे गुळगुळीत असतात. तंगुसाला पाच वेढ्यांत जे घर्षण मिळते ते याला आठ वेढ्यांतही कधीकधी मिळत नाही. शिवाय तो लांबत नसल्यामुळे प्रत्येक हिसका थेट गाठीवर जातो. पॉलिएथिलीन नायलॉनपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला, सुमारे १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, तेव्हा ब्रेडेड दोराच्या गाठीजवळ लायटरची ज्योत नेऊ नये.

पुढील वर्णनांत गळाच्या माथ्यावरच्या छिद्राला नेढे म्हटले आहे, रिळाकडे जाणाऱ्या भागाला मुख्य दोर आणि आपण हातात खेळवतो त्या शेवटच्या भागाला मोकळे टोक.

एकच गाठ शिकायची असेल तर यूनी

यूनी ही गाठ तिन्ही जातींच्या दोरांना चालते, फक्त वेढ्यांची संख्या बदलावी लागते, आणि दोन दोर जोडायलाही तीच कामी येते. मोकळे टोक नेढ्यातून घालून साधारण वीतभर बाहेर काढावे आणि मुख्य दोराला समांतर धरावे. मग ते टोक वळवून पुन्हा गळाच्या दिशेने आणावे, म्हणजे दोन समांतर दोरांच्या बाजूला एक मोकळा फास तयार होतो. आता टोक दोन्ही समांतर दोरांभोवती फिरवून त्या फासाच्या आतून काढावे आणि असेच वेढे घेत जावे. टोक प्रत्येक वेळी फासाच्या आतूनच गेले पाहिजे. एखादा वेढा फासाबाहेर पडला तर गाठ दिसते बरोबर पण धरत नाही. तंगुसाला पाच किंवा सहा वेढे, जाड फ्लोरोकार्बनला तीन ते चार, आणि ब्रेडेड दोराला आठ घ्यावेत.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. गाठ ओली करून आधी फक्त मोकळे टोक ओढावे. वेढे जवळ येतात, दाटीने एका रांगेत बसतात आणि फास मिटून जातो. गाठ या वेळी नेढ्यापासून थोडी दूर असते, आणि ती तशीच असावी. ती बेताची घट्ट झाली की मुख्य दोर हळूहळू ओढून तिला सरकवत नेढ्यापर्यंत न्यावे, आणि तिथे टेकल्यावर मोकळे टोक पुन्हा एकदा चिमट्याने ओढावे. अगोदरच गच्च आवळलेली गाठ कोरड्या दोरावरून घासत नेणे ही या गाठीतली सर्वांत सामान्य चूक आहे, आणि वर सांगितलेला कुरळेपणा बहुधा इथेच येतो.

ब्रेडेड दोर थेट गळाला बांधताना नेढ्यातून दोनदा ओवून घ्यावा. आणखी एक गोष्ट तपासावी: स्वस्तातल्या गळांत नेढ्याची तार वळवून आणलेली असते आणि ती जिथे मिटते तिथे बारीकशी फट राहते. तंगूस त्या फटीत शिरत नाही, पण बारीक ब्रेडेड दोर शिरतो आणि एक तर निसटतो नाही तर तारेच्या धारेवर कापला जातो. असा गळ बाजूला ठेवावा किंवा त्याला जाड लीडर जोडावा.

ब्रेडेड दोरासाठी पालोमार

ब्रेडेड दोर गळाला किंवा स्विव्हलला (दोराला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या कडीला) थेट बांधायचा असेल तर माझी पहिली पसंती पालोमारला आहे, कारण तिच्यात दोर दुहेरी असल्यामुळे नेढ्यावरचा भार दोन पदरांत वाटला जातो. दोराचा वीतभर भाग दुमडून त्याचा दुहेरी फास नेढ्यातून घालावा. बाहेर आलेल्या फासाने मुख्य दोर आणि मोकळे टोक या दोघांभोवती एक साधी सैल गाठ मारावी. गळ त्या गाठीच्या तळाशी लोंबकळत राहील. आता फासाचे तोंड उघडून त्यातून अख्खा गळ बाहेर काढावा. गाठ ओली करून मुख्य दोर आणि मोकळे टोक एकत्र धरून ओढावे आणि फास नेढ्याच्या वर सरकून बसू द्यावा.

या गाठीतली चूक डोळ्यांना दिसते, म्हणून ती थांबून पाहावी. दुहेरी पदर एकमेकांना समांतर बसले पाहिजेत. एक पदर दुसऱ्यावरून आडवा गेला असेल तर ओढ आल्यावर तो खालच्या पदराला काचतो, आणि फ्लोरोकार्बनमध्ये हे हमखास घडते, म्हणून फ्लोरोकार्बनला मी ही गाठ सहसा मारत नाही. तीन काट्यांचा गळ असलेल्या मोठ्या लूरला, म्हणजे नकली आमिषाला, पालोमार मारायची झाल्यास तेवढी लूर आत मावेल एवढा फास ठेवावा लागतो, दोर वाया जातो आणि काटे अडकतात. तिथे यूनी अधिक सोयीची.

क्लिंच: तंगुसापुरती

बहुतेकांना घरात कोणीतरी शिकवलेली पहिली गाठ हीच असते. टोक नेढ्यातून काढून मुख्य दोराभोवती पाच-सहा वेढे द्यावेत, मग नेढ्याला लागून जो छोटा फास राहिला आहे त्यातून टोक घालावे, आणि त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फासातून पुन्हा एकदा काढावे. ओली करून मुख्य दोर ओढला की वेढे नेढ्यावर येऊन दाटतात. बारीक आणि मध्यम तंगुसाला ती उत्तम आहे. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून जाड दोरात तिचे वेढे बसत नाहीत, आणि ब्रेडेड दोरात ती घसरते, हे मी वर सांगितलेच आहे.

हलत्या आमिषासाठी न सरकणारा फास

लूर पाण्यात मोकळेपणाने डोलावी असे वाटत असेल तर नेढ्यावर आवळलेली गाठ तिला जखडते. जाड, कडक लीडर असेल तर अधिकच. अशा वेळी नेढ्याशी छोटा कायमचा फास ठेवणारी गाठ मारावी. टोकापासून वीतभर अंतरावर मुख्य दोरात एक साधी सैल गाठ पाडून ठेवावी. टोक नेढ्यातून घालून परत आणावे आणि त्या सैल गाठीच्या फासातून, ते ज्या बाजूने बाहेर आले होते त्याच बाजूने आत घालावे. मग मुख्य दोराभोवती वेढे द्यावेत, बारीक दोराला पाच-सहा आणि जाडाला तीन, आणि टोक पुन्हा त्याच बाजूने सैल गाठीतून बाहेर काढावे. ओली करून आधी टोक हलके ओढावे आणि मग गळ व मुख्य दोर विरुद्ध दिशांना. फासाची लांबी सैल गाठ नेढ्यापासून किती दूर ठेवली यावर ठरते. बोटाच्या नखाएवढा फास पुरतो. टोक चुकीच्या बाजूने घातले तरी गाठ होते, पण ती वाकडी बसते आणि तिची ताकद घटते.

नेढे नसलेला, चपट्या डोक्याचा गळ

काही गळांना छिद्रच नसते, दांड्याचा माथा ठोकून चपटा केलेला असतो. त्यावर दोर दांड्याभोवतीच बांधावा लागतो, आणि गाठीचे वेढे धातूच्या सरळ दांड्यावर बसत असल्यामुळे ही बांधणी फार भरवशाची असते. दोराचा एक लांबट फास करून तो दांड्याला समांतर धरावा. मोकळ्या टोकाने चपट्या माथ्याजवळून सुरुवात करून दांडा आणि फासाचे दोन्ही पदर यांच्याभोवती, गळाच्या वळणाच्या दिशेने सहा-सात वेढे शेजारी शेजारी द्यावेत. शेवटी टोक फासाच्या उरलेल्या तोंडातून काढावे, वेढे बोटांच्या चिमटीत पकडून ठेवावेत आणि मुख्य दोर ओढून फास मिटवावा. मग सगळे वेढे सरकवून माथ्याखाली नेऊन आवळावेत. मुख्य दोर माथ्याच्या पुढच्या बाजूने, म्हणजे गळाच्या टोकदार अणीच्या बाजूने बाहेर पडला पाहिजे. मागून किंवा कडेने निघाला तर चपट्या माथ्याची धार त्याला घासत राहते.

दोन दोर जोडताना

ब्रेडेड दोराला तंगुसाचा किंवा फ्लोरोकार्बनचा लीडर जोडण्यासाठी सर्वांत सोपी वाट दुहेरी यूनीची. दोन्ही टोके एकमेकांवर फूटभर समांतर ठेवावीत आणि प्रत्येक टोकाने दुसऱ्या दोराभोवती यूनी मारावी: ब्रेडेड बाजूने आठ वेढे, लीडरच्या बाजूने चार. दोन्ही गाठी स्वतंत्रपणे ओल्या करून बेताच्या आवळाव्यात, मग दोन्ही मुख्य दोर ओढून त्यांना एकमेकींना भिडवावे. अंधारात, डगमगत्या होडीतही ही जोडणी मारता येते. तिचा उणेपणा एवढाच की ती जाड होते आणि काठीच्या कड्यांतून जाताना अडखळते.

ती अडखळ नको असेल तर एफजी गाठ शिकावी. तिच्यात लीडर कुठेही मुडपत नाही. ब्रेडेड दोर त्याच्याभोवती जाळीसारखा आळीपाळीने गुंफला जातो आणि ओढ वाढेल तशी ही जाळी लीडरवर अधिकच आवळत जाते. म्हणूनच ती सडपातळ राहूनही फार बळकट असते. पहिली अट म्हणजे ब्रेडेड दोर ताठ ताणलेला हवा. त्याची रिळाकडची बाजू काठीत पक्की धरून दुसरे टोक खुंटीला किंवा जड वस्तूला बांधावे. ते उघड्या बोटांना गुंडाळून ओढू नये, हा दोर कातडी सहज कापतो. ताठ दोरावर लीडर आडवा ठेवून त्याचे टोक एकदा वरून खाली आणि पुढच्या वेळी खालून वर असे दोराभोवती आणावे, प्रत्येक वेळी आधीच्या गुंफणीला लागून. असे सुमारे वीस वेळा केले की लीडरवर बारीक, एकसारखी नक्षी दिसू लागते. तिच्यात मध्येच मोकळी जागा दिसली तर उसवून पुन्हा करावे, पुढे ती आपोआप भरून निघत नाही.

गुंफण बोटांनी घट्ट पकडून ठेवून ब्रेडेड दोराच्या मोकळ्या टोकाने लीडर आणि मुख्य दोर या दोघांभोवती एक अर्धी गाठ मारावी, म्हणजे टोक भोवती फिरवून त्याच वेढ्यातून काढावे. मग सगळे ओले करून लीडर आणि मुख्य ब्रेडेड दोर विरुद्ध दिशांना पूर्ण जोर लावून ओढावेत. दोर हाताला फडके गुंडाळून धरावा. या क्षणी नीट लक्ष ठेवले तर गुंफण दाटते आणि ब्रेडेड दोराचा रंग तिथे गडद होतो. तो रंग बदलला की जाळीने लीडर पकडला असे समजावे. नाही बदलला तर गाठ अजून सैल आहे. त्यानंतर एकदा वरून, एकदा खालून अशा चार-पाच अर्ध्या गाठी माराव्यात, लीडरचे टोक अगदी लागून कापावे, आणि पुढे फक्त ब्रेडेड मुख्य दोराभोवती आणखी तीन-चार अर्ध्या गाठी मारून शेवट करावा. पहिल्या दहा खेपांना ही गाठ बिघडणार हे गृहीत धरावे. पाण्याच्या काठावर ती पहिल्यांदा मारू नये.

एकाच जातीचे आणि साधारण सारख्या जाडीचे दोन तंगूस जोडायचे असतील तर ब्लड नॉट सुबक बसते. घाईत, लीडर आखूड असताना, दोन्ही पदर एकत्र धरून दोन-तीन फेऱ्यांची सर्जन्स नॉट पुरते, फक्त प्रत्येक फेरीत अख्खा लीडर फासातून काढावा लागतो आणि चारही टोके एकाच वेळी ओढावी लागतात.

रिळाशी जोड

रिळाच्या चकतीला दोर बांधताना ताकदीचा फारसा प्रश्न नसतो, प्रश्न घसरण्याचा असतो. दोर चकतीभोवती फिरवून मुख्य दोराभोवती एक साधी गाठ मारावी, टोकावर दुसरी साधी गाठ पाडावी आणि ओढावे. दुसरी गाठ पहिलीला अडते. ब्रेडेड दोर मात्र गुळगुळीत धातूवर अख्खाच्या अख्खा फिरत राहतो, आणि मासा ओढत असताना रीळ बिघडल्याचा भास होतो. त्यासाठी आधी काही मीटर तंगूस भरून त्याला ब्रेडेड दोर जोडावा.

कापणे, पारखणे आणि पुन्हा मारणे

गाठ आवळल्यावर टोक किती ठेवावे याबद्दल कंजुषी करू नये. तंगुसात आणि फ्लोरोकार्बनमध्ये दोन-तीन मिलिमीटर, ब्रेडेड दोरात पाच किंवा अधिक. ओढ आल्यावर प्रत्येक गाठ किंचित सरकून बसते आणि टोक तेवढे आत जाते. लागून कापलेल्या टोकाला सरकायला जागाच राहत नाही. एफजीतला लीडर याला अपवाद आहे, कारण तिथे लीडरचे टोक गाठ धरून ठेवण्याचे काम करत नाही. ब्रेडेड दोरासाठी धारदार कात्री वेगळी ठेवावी, बोथट कात्रीने त्याचे तंतू पिंजारतात.

आपल्या दोराला कोणती गाठ शोभते हे दुसऱ्याच्या शब्दावर न सोडता घरीच पाहता येते. हातभर दोर घ्यावा, तो अर्धा तास पाण्यात ठेवावा, एका टोकाला एका गाठीने आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्या गाठीने छोटी धातूची कडी बांधावी, एक कडी खुंटीत अडकवावी आणि दुसरी पक्कडीने धरून सावकाश ओढावे. जी गाठ सुटते किंवा तुटते ती त्या दोरात कमी बळकट. हे एकदाच करून निष्कर्ष काढू नये. दहा वेळा करावे आणि हिशेब कागदावर मांडावा, कारण एखादी गाठ आपल्याच हातून वाईट मारली गेलेली असू शकते. ताणकाटा असेल तर तो मध्ये अडकवून किती किलोला तुटली तेही कळते. परीक्षेसाठी गळ वापरू नये आणि डोळ्यांवर चष्मा असावा, दोर तुटल्यावर कडी वेगाने मागे येते. या परीक्षेत एक गोष्ट फार लवकर समजते: चांगली सवय झालेली साधी गाठ ही अर्धवट येणाऱ्या बळकट गाठीपेक्षा जास्त भार पेलते.

पाण्यावर पोचल्यावर प्रत्येक नवी गाठ पहिल्या फेकीआधी हाताने ताणून पाहावी. मोठा मासा काढल्यावर, गळ खडकात किंवा मुळांत अडकून जोर लावून सोडवल्यावर, आणि दिवसाच्या सुरुवातीला गाठ नवी मारावी. गाठीवरचा हात-दोन हात दोर नखांमध्ये धरून सरकवावा. कुठे खरखर, चपटेपणा किंवा खाच लागली तर तिच्या वरपर्यंत कापून टाकावे. कापलेले तुकडे खिशात किंवा डब्यात ठेवावेत, पाण्यात किंवा काठावर टाकू नयेत. हे दोर कुजत नाहीत, आणि त्यांत पाय गुंतलेला पक्षी स्वतःची सुटका करू शकत नाही.

सरावासाठी गळ आणि बारीक दोर घेऊन बसण्याची गरज नाही. बुटाची जाड नाडी आणि किल्ल्यांची कडी पुरते. जाड नाडीत वेढा कुठून कुठे जातो ते स्पष्ट दिसते. यूनी आणि पालोमार नाडीवर बिनचूक येऊ लागल्या की त्या डोळे मिटून माराव्यात, मग खऱ्या दोरावर, मग हात थंड पाण्यात बुडवून बोटे बधिर झाल्यावर. पहाटेच्या अंधारात, मासे लागत असताना, गाठ मारायची वेळ येते तेव्हा बोटे नेमकी अशीच असतात.